माउरो प्रॉस्पेरी प्रकरण: सहारातली १९९४ ची रेस आणि त्या सकाळचे चार तास

लांब पल्ल्याचं पळणाऱ्या लोकांच्या गप्पांमधे हे प्रकरण कधी ना कधी निघतंच. सहारात हरवलेला इटालियन पोलीस, वटवाघळांचं रक्त पिऊन जगला, मग सगळे दोन मिनिटं 'बापरे' करतात आणि विषय शूजच्या सोलवर जातो. मला स्वतःला वटवाघळांचा भाग तितका महत्त्वाचा वाटत नाही. तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. आख्ख्या प्रकरणाची किल्ली मला दिसते ती वादळानंतरच्या पहिल्या सकाळी, साधारण चार तासांत, आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. पॅट्रिक बाउअर नावाचा फ्रेंच माणूस १९८४ मधे एकटाच अल्जेरियातल्या सहारातून १२ दिवसांत ३५० किमी चालत गेला, पाठीवर स्वतःचं पाणी आणि खाणं घेऊन. त्यातून त्याच्या डोक्यात आलं की ही गोष्ट इतरांनाही करायला लावावी, आणि १९८६ मधे मोरोक्कोत २३ जणांना घेऊन 'माराथों दे साब्ल' सुरू झाली. आता हजाराच्या वर लोक येतात. ढाचा तोच आहे, साधारण २५० किमी, टप्प्याटप्प्याने, त्यातला एक टप्पा ऐंशी किमीच्या आसपासचा. पाणी आयोजक देतात, त्या काळी ते मोजूनच मिळायचं, आणि राहायला तंबूही देतात. बाकी सगळं, म्हणजे जेवण, स्लीपिंग बॅग, होकायंत्र, चाकू, शिट्टी, आरसा, सापाचं विष ओढायचा पंप, हे तुमच्या पाठीवर. म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रत्येक जण एकच विचार करत असतो की बॅगेतलं अजून काय कमी करता येईल. हे वजनाचं वेड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माउरो प्रॉस्पेरी रोमचा, पोलिसात नोकरी, मॉडर्न पेंटॅथलॉन खेळलेला, म्हणजे पळणं पोहणं घोडेस्वारी तलवारबाजी नेमबाजी सगळं अंगात असलेला माणूस. १९९४ ला चाळिशीला टेकलेला. तयारी म्हणून रोज ४० किमी पळायचा आणि मुद्दाम पाणी कमी प्यायचा, शरीराला सवय व्हावी म्हणून. हे दुसरं अजूनही आपल्याकडे लोक करतात, त्यामुळे इथेच सांगतो, त्याचा काही उपयोग नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्याच्या टीमने वाळवंटात शेकडो सैनिकांवर प्रयोग केले, त्यात स्पष्ट निघालं की माणसाला कमी पाण्याची सवय लावता येत नाही. उन्हाची सवय होते, ती वेगळी गोष्ट, आणि गंमत म्हणजे उन्हाची सवय झालेला माणूस जास्त घाम गाळतो, म्हणजे त्याला पाणी उलट जास्तच लागतं.

रेसच्या आधी एक फॉर्म भरून घेतला होता, मेलात तर मृतदेह कुठे पाठवायचा. असा फॉर्म भरताना कोणालाच तो आपल्याला लागू होईल असं वाटत नाही.

चौथ्या दिवशी सगळ्यात लांब टप्पा होता. प्रॉस्पेरी चांगला पुढे पळत होता, पहिल्या काही जणांत. दुपारी वाळूच्या ढिगाऱ्यांच्या पट्ट्यात असताना वाळूचं वादळ आलं. त्याने नंतर सांगितलंय की वाळू सुयांसारखी टोचत होती, दिसणं बंद, श्वास घेणं अवघड. त्याने तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि चालत राहिला, कारण एका जागी थांबलं की वाळूत गाडले जाऊ असं त्याला वाटलं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. नियमाप्रमाणे वादळात थांबायचं असतं. पण थांबायचं म्हणजे नक्की काय, ढिगाऱ्याच्या कुठल्या बाजूला, किती वेळ, हे त्या क्षणाला एकट्या माणसाने ठरवायचं. वादळ आठ तास चाललं. थांबलं तेव्हा अंधार पडला होता, तो तिथेच ढिगाऱ्यावर झोपला.

आता इथे त्याची मनःस्थिती बघा. तो हरवलाय असं त्याला अजिबात वाटत नव्हतं, तो फक्त नंबर गेला म्हणून वैतागला होता. टप्पा संपवायला ३६ तास होते, त्यानंतर बाद. म्हणजे त्याचा हिशोब असा की सकाळी लवकर उठू, जोरात पळू, जिंकणं राहिलं पण वेळ तरी चांगली लागेल. मोहिमेतल्या माणसाचं डोकं हे असंच चालतं, समोरच्या परिस्थितीचं नाव बदललेलं असतं आणि आपण अजून जुन्याच नावाने निर्णय घेत असतो.

सकाळी उठून पाहिलं तर सगळं बदललेलं. वाऱ्याने ढिगाऱ्यांचे आकार फिरवले होते, खुणा गायब, माणसांचे पाय उठलेले तेही गायब. बाटलीत अर्धं पाणी. आणि तो पळाला. जवळजवळ चार तास पळाला, मग एका उंच ढिगाऱ्यावर चढून पाहिलं आणि चारी बाजूला काही म्हणजे काहीच नाही.

हे चार तास मी पुन्हापुन्हा मोजतो. समजा तो वादळात रस्त्यापासून थोडाच बाजूला गेला होता. शोधणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर त्याला शेवटचं जिथे पाहिलं तिथून एक वर्तुळ काढायचं आणि त्यात शोधायचं. माणूस तासाभरात ६ किमी गेला असेल तर ते वर्तुळ साधारण ११३ चौरस किमीचं. चार तासांत २४ किमी गेला असेल तर १८०० चौरस किमीच्या वर. वेळ चौपट, क्षेत्र सोळापट. १८०० म्हणजे आख्खी मुंबई उपनगरांसकट तीन वेळा मावेल, आणि त्यात तुम्ही शोधताय वाळूच्या रंगाच्या धुळीने माखलेला एक माणूस. हेलिकॉप्टर एक असो की चार, या गुणाकारापुढे त्यांचा फारसा इलाज नाही.

लोक म्हणतात की त्याच्याकडे होकायंत्र होतं ना. होतं. पण होकायंत्र दिशा सांगतं, तुम्ही कुठे आहात ते सांगत नाही. आठ तास वादळात कुठल्या दिशेने किती चाललो हेच माहीत नसेल तर उत्तर दिशा कुठे आहे ते कळून काय करणार. रोडबुक, म्हणजे मार्गाची माहिती देणारी पुस्तिका, होतं, पण रोडबुक समोरच्या खुणेशी जुळवायचं असतं आणि खूणच नाही. त्यात भर म्हणजे दिसत नसताना माणूस सरळ चालतोय असं त्याला स्वतःला वाटतं फक्त. जर्मनीत ट्यूबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमान आणि सहकाऱ्यांनी २००९ मधे हे छापलं, त्यांनी लोकांना जंगलात आणि ट्युनिशियाच्या सहारात सरळ चालायला सांगून जीपीएसने त्यांचा मार्ग मोजला. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तोवर लोक बऱ्यापैकी सरळ जातात, तो झाकला की वळायला लागतात आणि स्वतःच्याच वाटेला छेद देतात, आणि विचारलं तर छातीठोक सांगतात की आम्ही सरळच होतो. वादळात प्रॉस्पेरीचं काय झालं असेल याचा अंदाज यावरून येतो.

ढिगाऱ्यावरून काही दिसलं नाही तेव्हा मात्र त्याला कळलं, आणि तिथून पुढे तो फार शहाण्यासारखा वागला हे मान्य करायला हवं. पहिली गोष्ट केली ती म्हणजे रिकाम्या बाटलीत लघवी साठवली, शरीरात पाणी असतानाच, कारण तेव्हा ती सगळ्यात पातळ असते. आजोबांकडून युद्धातल्या गोष्टी ऐकल्या होत्या त्या आठवल्या म्हणे. (डॉक्टर आणि सैन्याची पुस्तकं लघवी पिऊ नका म्हणतात, त्यात मीठ असतं, आणि जसजसं शरीर सुकतं तसतसं ते वाढत जातं. सुरुवातीची पातळ साठवणं हा त्यातल्या त्यात शहाणपणा.) दुसरी गोष्ट, उन्हात चालणं बंद, फक्त पहाटे आणि संध्याकाळी.

मग हेलिकॉप्टर आलं. इतकं खाली की त्याला पायलटचं हेल्मेट दिसत होतं. त्याने फ्लेअर, म्हणजे मदतीसाठी हवेत सोडायचा उजेडाचा बाण, उडवला. तो फ्लेअर पेनाएवढा होता. मावळतीच्या उजेडात, एवढ्या मोठ्या वाळवंटात, पेनाएवढा फ्लेअर, पायलटला दिसला नाही आणि हेलिकॉप्टर गेलं. वर वजनाचं म्हटलं ते हे. पळणारा ग्रॅम मोजतो, आयोजकांनाही पळणाऱ्यांना खूश ठेवायचं असतं, आणि या दोघांच्या संगनमताने जीव वाचवायची वस्तू इतकी हलकी होते की ती चालतच नाही. यात एकट्या प्रॉस्पेरीला दोष देणं मला पटत नाही.

पुढे त्याला एक मराबू सापडला. मराबू म्हणजे वाळवंटातली एखाद्या सूफी फकिराची समाधी, छोट्या दर्ग्यासारखी इमारत, चार भिंती आणि छप्पर. आत कोणी जिवंत माणूस नाही, पण सावली होती. छतावर त्याने जवळचा इटलीचा झेंडा लावला. बॅगेतलं सुकं जेवण ताज्या लघवीत शिजवलं, साठवलेली प्यायला ठेवली. आणि वरच्या भागात वटवाघळं होती, ती त्याने पकडली, डोकी कापली, आतलं सगळं चाकूने ढवळून ओढून प्यायला. वीसेक तरी.

रक्तात पाणी असतं हे खरं, पण प्रथिनं पचवून त्यातला कचरा बाहेर टाकायला शरीराला परत पाणीच लागतं, त्यामुळे हाती निव्वळ फायदा थोडासाच. त्याला खरं वाचवलं असेल तर त्या छपराने. अ‍ॅडॉल्फच्या टीमचे आकडे असे आहेत की पाणी अजिबात नाही आणि सावलीत स्वस्थ पडून आहात, तर दिवसाचं तापमान ४९ अंशाच्या आसपास असेल तर दोन दिवस, ३८ ला पाचेक दिवस, ३२ ला सात. म्हणजे बाटलीत किती आहे यापेक्षा घाम किती वाया घालवताय यावर सगळं. त्याच संशोधनातून हेही निघालं की आहे ते पाणी घोट घोट पुरवून ठेवण्यात अर्थ नाही, तहान लागली की प्यावं आणि घाम वाचवावा.

मराबूत असताना एकदा विमानाचा आवाज आला. त्याने जे जळेल ते सगळं जाळलं, वाळूत मोठ्या अक्षरात एसओएस लिहिलं, आणि नेमकं तेव्हाच परत वादळ सुटलं, बारा तासांचं. विमान निघून गेलं. त्या रात्री त्याने आशा सोडली आणि स्वतःचा शेवट करायचा प्रयत्न केला. त्याचं कारण तो जे सांगतो ते मला या सगळ्यात जास्त लागलं. इटलीत बेपत्ता माणसाला मृत ठरवायला दहा वर्षं जातात. तो वाळूत कुठेतरी पडला आणि सापडलाच नाही तर बायकोला, चिन्झियाला, पोलीस खात्याची पेन्शन दहा वर्षं मिळणार नाही. मराबूत मेला तर निदान प्रेत सापडेल. कोळशाने तिला चिठ्ठी लिहिली. सरकारी नोकरीतल्या माणसाचा हिशोब, वाळवंटाच्या मध्यभागी बसून. तो मेला नाही, त्याच्या मते शरीरातलं पाणी इतकं कमी झालं होतं की रक्त घट्ट होऊन आपोआप थांबलं. सकाळी जाग आली तेव्हा त्याने ठरवलं की आता चालायचं.

मराबू सोडणं बरोबर की चूक यावर वाद घालता येतो. त्याचा भाऊ आणि मेव्हणा इटलीहून शोधायला आले होते, त्यांना वाटेत त्याच्या वस्तू सापडल्या, ते मराबूपर्यंत पोचले आणि तो तिथे राहून गेल्याच्या खुणाही मिळाल्या. तो मात्र पुढे निघून गेलेला. पुस्तकी उत्तर हेच की जागा सोडायची नाही. पण पुस्तकी उत्तरात पाणी शून्य असताना किती दिवस हे लिहिलेलं नसतं, आणि दोनदा वरून यंत्र जाऊन कोणी पाहिलं नाही तर तिसऱ्यांदा पाहतील यावर जीव लावायचा का. मी त्याच्या जागी काय केलं असतं ते सोडा, पण पहिल्या सकाळचं पळणं आणि हे चालणं यात मोठा फरक आहे. आता त्याच्याकडे दिशा होती.

ती कुठून आली तर रेसच्या आधी एक सल्ला दिला गेला होता, तुआरेग या सहारातल्या भटक्या लोकांचा. हरवलात तर पहाटे क्षितिजावर ढग कुठे दिसतात ते बघा, तिकडे जीव आहे. दिवस चढला की ढग विरतात, पण तोवर होकायंत्रावर दिशा पकडून ठेवायची आणि तीच धरून चालायचं. इतके दिवस गळ्यात नुसतं लटकत असलेलं होकायंत्र आता कामाला आलं. दिवसा कडेकपारीत किंवा झाडाच्या सावलीत पडायचं, रात्री वाळूत खड्डा करून झोपायचं, चालताना साप आणि सरडे पकडून कच्चे खायचे, रसदार मुळं चोखायची. आठव्या दिवशी एक छोटं पाणथळ सापडलं, डबकंच खरं तर. घशातून पाणी उतरेना, घोट घेतला की उलटी. मग तिथेच पडून दर काही मिनिटांनी एक घोट असं करत राहिला.

त्यानंतर शेळ्यांच्या लेंड्या दिसल्या, मग शेळ्या, मग एक लहान मुलगी. ती त्याला बघून किंचाळत पळाली. सोळा किलो वजन उतरलेला, जळालेला, दाढी वाढलेला परका पुरुष, कोण थांबेल. तिच्यामागे एक म्हातारी आली. वस्तीतले पुरुष बाजाराला गेले होते, घरात फक्त बायका, त्यामुळे त्याला तंबूच्या आत घेतलं नाही, बाहेर सावलीत सतरंजी घालून झोपवलं आणि शेळीचं दूध दिलं. खबर द्यायला माणूस पाठवला. वाळवंटातल्या पाहुणचाराचे रिवाजही पाळले आणि घरातले नियमही, दोन्ही एकाच वेळी.

आलेल्या पोलिसांनी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. हे ऐकताना विचित्र वाटतं पण जागा लक्षात घ्या. तो मोरोक्कोतून चालत अल्जेरियात शिरला होता. या दोन देशांत १९६३ मधे याच वाळवंटी सीमेवरून युद्ध झालेलं, पश्चिम सहाराचं भांडण चालूच, तिथला युद्धविराम १९९१ चा म्हणजे जेमतेम अडीच वर्षांचा, आणि जवळच्या तिंदुफ भागात साहरावी, म्हणजे पश्चिम सहारातल्या, निर्वासितांच्या छावण्या. त्यात त्या वर्षी अल्जेरिया स्वतःच यादवीत होरपळत होता. कागद नसलेला परदेशी माणूस वाळूतून चालत आला म्हटल्यावर हेर नाही तर कोण. त्याच वर्षी ऑगस्टमधे सीमा बंद झाली ती झालीच. लष्करी तळावर नेल्यावर तिथल्या लोकांना समजलं की हाच तो हरवलेला इटालियन. तिंदुफच्या हॉस्पिटलमधे वजन भरलं ४५ किलो, डोळे आणि यकृत खराब. रेसच्या मार्गापासून २९१ किमी लांब. बायकोला फोनवर पहिलं वाक्य काय तर माझा अंत्यविधी उरकलात का.

यावर शंका घेणारे आहेत, आयोजकांच्या बाजूचेही, आणि त्यांचा हिशोब सरळ आहे. मराबूतले दिवस वजा केले तर २९१ किमी पाच-सहा दिवसांत, म्हणजे रोज पन्नासच्या आसपास, तेही बिनपाण्याचं, हे होत नाही. अ‍ॅडॉल्फच्या आकड्यांवर धरलं तर त्याने सांगितलेल्या ४६ अंशांत तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपायला हवा होता. मला अंतराबद्दलची शंका रास्त वाटते. पण वजनाचा पुरावा त्याच्या बाजूने आहे, साठेक किलोच्या माणसाचे सोळा किलो जाणं म्हणजे चौथा हिस्सा, त्यात पाण्यासोबत चरबी आणि स्नायूही गेले असणार आणि ते दोन दिवसांच्या नाटकात होत नाही. शिवाय घन अन्न खायला महिने आणि पूर्ण सावरायला जवळजवळ दोन वर्षं लागली. मधेच कुठे थोडं पाणी मिळालं असेल, काही तासांची आठवण पुसली असेल, तेवढं सोडून द्यावं.

तो १९९८ मधे त्याच रेसला परत गेला. घरच्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

त्याच्या म्हणण्यानुसार त्याच्यानंतर फ्लेअर बदलला, समुद्रावर वापरतात तसला आला, अर्ध्या किलोचा. अर्धा किलो म्हणजे बॅगेतलं एक जेवण. आता तर प्रत्येकाकडे सॅटेलाइट ट्रॅकर असतो, त्यामुळे प्रॉस्पेरीसारखं हरवणं जवळजवळ बंद झालंय. मरणं नाही, २०२१ मधे कोविडमुळे रेस ऑक्टोबरवर ढकलली होती, ऊन भयंकर होतं, आणि एक पळणारा दुसऱ्याच टप्प्यात हृदय बंद पडून गेला, या रेसच्या इतिहासातला तिसरा.

आपल्याकडचे लोक आता जैसलमेर, कच्छ, लडाख सगळीकडे पळायला जातात. जैसलमेरची रेस डांबरी रस्त्याने जाते म्हणून हरवायची भीती कमी, कच्छच्या रणात आणि सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेल रेसमधे धुकं उतरलं की ती आहे. आयोजकांच्या पत्रकात मेडिकल किट, शिट्टी, ट्रॅकर सगळं असतं. माझा एक प्रश्न असतो आणि ब्रीफिंगला तो विचारला की बहुतेक वेळा समोरचा जरा थबकतो: वादळात किंवा धुक्यात मी एका जागी थांबलो, तर तो वेळ मला परत देणार का, का कटऑफचं, म्हणजे बाद व्हायच्या मुदतीचं, घड्याळ चालूच राहणार? प्रॉस्पेरीच्या ३६ तासांचं घड्याळ वादळातही चालू होतं. ते थांबलंय असं त्याला आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर सकाळी अर्धी बाटली घेऊन उठून पळायचं त्याला काही कारणच नव्हतं.